मोफत दवाखान्यात दहा रुपये घ्यावेत का?

वणीकरीण

आमच्याकडे दर बुधवारी गावातल्या समाजमंदिरात मोफत दवाखाना भरतो. बुधवार यासाठी, की शेजारच्या मोठ्या गावचा बाजार त्या दिवशी असतो. मजुरांना दुपारनंतर सुट्टी मिळते आणि पोडांवरची, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरची, माणसं बाजारासाठी तशीही बाहेर पडलेली असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेचा हा पट्टा, वणी-मारेगाव-झरीजामणीचा. वर कापूस, सोयाबीन, तूर आणि जमिनीखाली कोळसा. शहरातून एक डॉक्टर येतात, कधी दोन. एक निवृत्त सिस्टर, एक फार्मासिस्ट, कॉलेजातली काही मुलंमुली, आणि नोंदणीच्या टेबलावर मी.

गेल्या बैठकीत प्रस्ताव आला की प्रत्येक रुग्णाकडून दहा रुपये घ्यावेत. मांडणारे आमच्यातलेच, तळमळीचे आहेत. गोळ्यांचा खर्च वाढत चाललाय आणि फुकट मिळालेल्या औषधाची कदर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विरोधात आहे, पण ठरवण्याआधी इथल्या जाणत्यांचं ऐकायचं आहे.

येणारी माणसं कोण ते आधी सांगते. बहुतेक जण तिशी ते साठीतले, शेतमजूर, खाणीतले ठेकेदाराकडचे कामगार, वीटभट्टीवरचे, घरकाम करणाऱ्या बाया. बीपी, शुगर, मिरगी, दमा, गुडघे, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे काही. कुणाकडे विमा नाही. 'योजना आहे की' असं शहरातले नातेवाईक मला नेहमी सांगतात. योजना आहे, आणि ती चांगली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ती भरती झाल्यावर. ऑपरेशन, डायलिसिस, अँजिओप्लास्टी यासाठी. रोज सकाळी घ्यायच्या बीपीच्या गोळीला ती नाही. म्हणजे लकवा मारल्यावर मोठ्या दवाखान्यातलं बिल योजना भरते, आणि लकवा मारू नये म्हणून जी गोळी लागते ती त्या माणसाने स्वतः बघायची.

सरकारी आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळते, हे मला माहीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचेही पैसे बंद झाले, तो फार मोठा निर्णय होता. पण मैदानी भागात एक प्राथमिक केंद्र तीस हजार लोकसंख्येला, आदिवासी भागात वीस हजारांना, असा निकषच आहे. सकाळची ओपीडी ज्या वेळेला चालते त्याच वेळेला बाई वेचणीला गेलेली असते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. अर्धा दिवस गेला की अर्धा कापूस गेला, वर काळीपिवळीचं जाण्यायेण्याचं भाडं.

मागच्या हंगामात एका बाईंनी टेबलावर पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा, त्यात अर्ध्या-अर्ध्या केलेल्या गोळ्या, कागदाच्या पुडीत गुंडाळलेल्या. शेतातल्या विळ्याने कापल्या होत्या, काहींचा चुरा झाला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "महिनाभर पुरवाच्या होत्या बाई." त्या दिवशीचं त्यांचं बीपी बघून सिस्टरने त्यांना घरी जाऊ दिलं नाही, तासभर आडवं झोपवलं. त्या बाईंना काहीच दुखत नव्हतं. डोकंही नाही. त्या बसून शेजारणीशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होत्या.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. पाठीत उसण भरली की माणूस उसनवारी करून पैसे आणतो आणि दोनशे रुपयांची सुई टोचून घेतो, मग ती टोचणारा कुणी का असेना. दुखणाऱ्या रोगाला पैसे निघतातच. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं दुखत नाहीत. ज्याला काही होत नाहीये अशा माणसाने, मजुरी बुडवून, दर महिन्याला येऊन, पुन्हा त्याच गोळ्या न्यायच्या, एवढं आपण मागतोय. त्यात दहा रुपये जोडले तर ज्याची येण्याची इच्छा मुळातच काठावर आहे तो आधी गळेल, आणि गळलेला माणूस कधी सांगायला येत नाही की मी दहा रुपयांमुळे आलो नाही. तो थेट स्ट्रेचरवर दिसतो.

तुम्ही कुणी असा दवाखाना चालवलाय, किंवा तिथे रुग्ण म्हणून गेलाय? पैसे घेतल्याने काय झालं, न घेतल्याने काय झालं?

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि मनापासून आहे. आमच्या अमरावतीकडच्या गावात एका ट्रस्टच्या ओपीडीचा हिशेब मी बरीच वर्षं बघतो. आम्ही वीस रुपये घेतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला कुणी विचारत नाही.

पैशासाठी नाही घेत. वीस रुपयांत काय होतं? घेतो ते यासाठी की वीस रुपये टेकवलेला माणूस बोलतो. "काल आलो होतो, गोळी संपली होती, हे बरोबर नाही" असं तोंडावर सांगतो. फुकट घेणारा मान खाली घालून मिळेल ते घेऊन जातो. गरीब माणसालाही स्वाभिमान आहे. माझे वडील मजुरी करत, ते कुणाच्या दारात फुकटचा चहासुद्धा घेत नसत. त्यांना फुकट दवाखान्यात नेणं आम्हाला कधी जमलं नाही, सरकारी दवाखान्यातही ते केसपेपरचे पैसे मोजून देत तेव्हाच आत बसत.

दुसरं असं की देणगीदार आज आहे, उद्या नाही. दवाखाना बंद पडला तर त्या बाईंच्या अर्ध्या गोळ्याही जातील. याचं उत्तर तुमच्या लेखात नाही.

---

वणीकरीण

@हिशेबनीस, वडिलांचं वाचून थांबले. तो स्वाभिमान आमच्याकडेही दिसतो. बाया भाजीची जुडी, तिळाची पुडी, बोरं टेबलावर ठेवून जातात आणि 'नाही' म्हटलं तर रागावतात. ते आम्ही घेतो.

पण "ज्याच्याकडे नाहीत त्याला कुणी विचारत नाही" यावर मला शंका आहे. खिडकीवर उभं राहून "माझ्याकडे नाहीत" हे बोलावं लागतंच ना? मागे गावातलेच लोक रांगेत असतात.

---

गोळीवाला

रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात दुकान आहे, महिन्यातून दोनदा अशाच एका दवाखान्यात जातो. फीच्या वादाआधी औषधाबद्दल बोलतो, कारण माझ्या मते फुकटच्या औषधाची कदर राहत नाही यात दोष बरेचदा औषध देण्याच्या पद्धतीचा असतो.

बहुतेक मोफत शिबिरं डॉक्टरांकडे आलेल्या सॅम्पलवर चालतात. सॅम्पल म्हणजे यावेळी एका कंपनीची गुलाबी पट्टी, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची पांढरी. आत तीच बीपीची अॅम्लोडिपिन. ज्याला अक्षर येत नाही तो माणूस गोळी रंगावरून ओळखतो. त्याच्या लेखी ही दोन औषधं झाली. घरी जुनी शिल्लक असते, नवीन मिळते, तो दोन्ही घेतो. आठ-पंधरा दिवसांत पाय सुजतात, चक्कर येते, आणि तो म्हणतो की त्या दवाखान्याची गोळी मला सोसत नाही. मग ती उकिरड्यावर जाते. यात त्याने बेकदर केली कुठे?

आमच्याकडे आता सॅम्पल पूर्ण बंद आहेत. जेनेरिक घ्यायचं, एकाच उत्पादकाचं, वर्षभर तेच. बीपीची अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन, एवढ्यावर ऐंशी टक्के काम भागतं असं माझा अनुभव सांगतो. सरकारी जनऔषधी दुकानांच्या दराने बीपीची गोळी माणसाला दिवसाला एका रुपयाच्या आत पडते. खर्च गोळ्यांचा नसतो, खर्च खोकल्याच्या बाटल्या, टॉनिक आणि मलमांचा असतो. त्या बंद करा, बजेट आपोआप जागेवर येईल.

पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला भाग शेवटपर्यंत राहील अशी कापायची. कापून दिलेल्या तुकड्यावर काहीच नसेल तर उद्या त्याला रात्री-बेरात्री ग्रामीण रुग्णालयात नेलं की डॉक्टरांना कळत नाही तो काय घेतोय. कागदी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायचे. हे सगळीकडे करतात, पण सूर्याखाली भाकरही काढा. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी शेतात गेलेली माणसं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, घामेघूम होऊन पडलेली मी पाहिली आहेत. श्रावणात, नवरात्रात हे जास्त होतं. उपवास धरणाऱ्या बाईला गोळी देण्याआधी विचारलंच पाहिजे.

आणि एक विनंती. कॉलेजच्या मुलांच्या हाती गोळ्या देऊ नका. १९४८ चा फार्मसी कायदा आहे, औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. कायदा राहू द्या बाजूला, ५०० आणि १००० च्या मेटफॉर्मिनच्या पट्ट्या गर्दीत सारख्या दिसतात.

---

पऱ्हाटी

मी पेशंट हाय. सिकलसेल एसएस. वय सत्तावीस. वणीकरीण बाईच्या नाही, बाजूच्या तालुक्यातल्या अशाच दवाखान्यात जातो. मोबाइलवर टाईप करून राहिलो, चुका झाल्या तं सांभाळून घ्या.

दहा रुपयाचं काही नाही भाऊ. दहाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा लोक दिवसातून तीनदा खातेत. पण हात रिकामा असला का माणूस घराच्या बाहेरच निंघत नाही, ही गोष्ट पयले समजून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात कोणाच्याच घरी पैसा नसते. पेरणीत गेला, खतात गेला, कापूस यायचा हाय. त्या दोन महिन्यात माणूस दहाची नोट बी मोजून ठेवते. अन् मले नेमका तवाच त्रास होते. पावसात भिजलो, अंगात पाणी कमी पडलं, का हातपाय अन् छाती अशी दुखते का रात्रभर आई पाय दाबत बसते.

मी लहान होतो तवा कोणाले माहीतच नव्हतं काय हाय. बाहेरचं लागलं म्हणून देवऋष्याकडे नेलं. सुया घेतल्या, सलाईन लावल्या. शेत अर्धं गहाण गेलं. दवाखान्यातल्या म्याडमनं पयल्यांदा रक्त तपासून कागद हातात देला, का बाबू हा आजार आईबापाकडून आला, दोघांचाही अर्धा-अर्धा, कोणाची चूक नाही. आई तिथंच खाली बसली. तिले इतके वर्ष लोकं म्हणत होते का तुझ्यातच खोट हाय.

आता हायड्रॉक्सियुरिया चालू हाय. गोळी सरकारीच, जिल्ह्यातून येते. पण ती चालू असली का रक्त तपासत राहा लागते, पांढऱ्या पेशी कमी तं नाही झाल्या ते पाहा लागते. ते रक्त दवाखान्यातली ताई बुधवारी घेते अन् पाठवते, मले जिल्ह्याले जा लागत नाही. मागच्या दोन वर्षात भरती एकदाच झालो. पयले वर्षात चार-पाच खेपा होत होत्या.

हिशेबनीस दादा, तुमच्या बाबाचं बरोबर हाय. पण मान दहा रुपये घेऊनच देता येते असं नाही. आमच्या दवाखान्यात मले नंबर लावायचं काम देलं. मी सकाळी जाऊन सतरंजी टाकतो, चिठ्ठ्या वाटतो, नवीन सिकलवाला आला तं त्याच्याजवळ बसतो. त्याच्या घरच्याइले समजावून सांगतो, का बाप्पा, पोरगं आळशी नाही, त्याले खरंच दुखते. डॉक्टरनं सांगितलेलं त्याइले पटत नाही, माझं पटते.

---

धुऱ्यावरून

पऱ्हाटी, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ते काम कुठल्याही डॉक्टरला जमत नाही.

मी एमबीबीएस, शिक्षण सेवाग्रामला झालं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाची जुनी विमा पद्धत या चर्चेत यायला हवी. १९८० च्या दशकात गावोगाव ज्वारी गोळा होत असे. पीक घरात आलं की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, शेतवाल्याची जास्त, मजुराची थोडी. ती विकून गावाचा आरोग्य निधी उभा राहायचा आणि त्या गावातल्या माणसाला रुग्णालयात सवलत मिळायची. यातली मेख अशी की पैसे आजारी पडल्यावर मागितले जात नव्हते. घरात धान्य असताना, माणूस धडधाकट असताना मागितले जात होते. खिडकीवरचे दहा रुपये नेमके उलट वेळेला मागितले जातात.

तेव्हा हिशेबनीसांचा स्वाभिमानाचा मुद्दा आणि वणीकरणींचा अडसराचा मुद्दा, दोन्ही खरे धरून मार्ग काढता येतो. सुगीला गावाने द्यावं, दवाखान्याच्या दारात कुणी देऊ नये.

आता मला जे जास्त छळतं ते. सुई. मी पहिल्यांदा असा दवाखाना सुरू केला तेव्हा रांग पहिल्या दोन खेपांनंतर अर्धी झाली, कारण मी सुई देत नव्हतो. "डॉक्टर सुई नाही लावत, नुसत्या गोळ्या देते" अशी बदनामी झाली. इथे गावात मोटरसायकलवर फिरणारे, पदवी नसलेले लोक स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सुई एकत्र टोचतात. त्याने दोन दिवस खरंच स्वर्गात गेल्यासारखं वाटतं. मग शुगरवाल्याची शुगर वर जाते, मूत्रपिंड बिघडतं, आणि पाच वर्षांनी तो डायलिसिसला येतो. डायलिसिस योजनेत आहे म्हणून ते मोफत होतं, तेवढाच काय तो आधार.

आमच्या सिस्टर बीपी समजावताना म्हणतात, घराच्या आढ्याला उदई (वाळवी) लागली तर घर दुखतं का? वरून रंग तसाच असतो, आणि एका पावसाळ्यात आढं खाली येतं. बायांना हे चटकन कळतं. माझ्या तक्त्यांनी कधी एवढं काम केलं नाही.

फवारणीच्या दिवसांत मात्र दवाखान्याचं स्वरूप बदला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्या देशाने वाचलं. जुलै ते ऑक्टोबर नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला विचारायचं, आज फवारलं का, कुठलं औषध, डोळ्याला अंधारी येते का, घाम-लाळ जास्त सुटते का. हो म्हणाला तर कपडे उतरवून साबणाने अंघोळ, डब्यावरचं लेबल सोबत, आणि १०८ बोलावून थेट मोठं रुग्णालय. समाजमंदिरात त्याच्यावर उपचार करत बसायचं नाही.

---

उपकेंद्रवाली

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आदिवासी भागातल्या उपकेंद्रात. इथे सगळे मोफत दवाखान्याचं कौतुक करताहेत, त्यात माझंही आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी आम्ही करतो. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. ज्यांना निघालं त्यांची नोंद होते, महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रात येतात. मग एक दिवस तो माणूस यायचा थांबतो. आशा घरी जाते तर कळतं की बुधवारच्या दवाखान्यातून घेतो. किंवा त्याहून वाईट, दोन्हीकडून घेतो. वर गोळीवाला दादांनी पट्टीच्या रंगाचं लिहिलंय, अगदी तेच माझ्याकडे होतं, सरकारी पट्टी आणि तुमची पट्टी. आमच्या नोंदीत तो 'उपचार सोडलेला' दिसतो आणि वरून आम्हाला विचारणा होते. पुढच्या तिमाहीची मागणी त्या नोंदीवरच जाते. माणसं कमी दिसली की गोळ्या कमी येतात. मग तुमचा डॉक्टर एखाद्या महिन्यात आला नाही की सगळे माझ्या दारात, आणि माझ्याकडे साठा नाही.

तुम्ही चांगलं काम करताय. पण आमच्या शेजारी बसून करा, आमच्यापासून लांब बसून करू नका.

---

वणीकरीण

@उपकेंद्रवाली, हे आमच्या एकाही बैठकीत कुणी बोललं नव्हतं. खूप महत्त्वाचं आहे. तुमच्यासारख्या बाईंना आम्ही बुधवारी बोलावलं, रजिस्टर घेऊन, तर येता येईल का? वरिष्ठांची परवानगी लागेल?

---

दूरदेशी

मूळचा हिंगणघाटचा, आता टेक्सासमध्ये. इथेही शनिवारी विमा नसलेल्या प्रौढांसाठीच्या मोफत दवाखान्यात दुभाष्याचं आणि फोन करण्याचं काम करतो. अमेरिकेत ६५ नंतर सरकारी मेडिकेअर मिळतं, मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. मधल्या वयात, नोकरीवर विमा मिळत नाही असे लोक उरतात. छपरं घालणारे, हॉटेलात भांडी घासणारे, साफसफाई करणारे. टेक्सासने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तारही केलेला नाही. आजार तेच, बीपी आणि शुगर. अर्ध्या गोळ्या करून पुरवणारे इथेही आहेत.

फीबद्दल एक माहिती. इथे मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवक डॉक्टरांना केंद्र सरकारच्या कायद्यानुसार खटल्यांपासून संरक्षण मिळू शकतं, पण अट अशी की दवाखान्याने रुग्णाला कुठलंही शुल्क आकारता कामा नये. रुग्णाने स्वखुशीने काही दिलं तर चालतं. आमच्याकडे देणगीची पेटी बाहेर जायच्या दारापाशी आहे, नोंदणीच्या खिडकीपाशी नाही. लोक टाकतात. नोंदणीपाशी ठेवली असती तर ती फीच झाली असती.

दुसरं काम जे इथे मला सर्वात उपयोगी वाटतं ते फोनचं. जो रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही त्याला आम्ही त्याच आठवड्यात फोन करतो. रागवायचं नाही, विचारायचं फक्त. निम्म्या वेळा कारण औषधाशी संबंधितच नसतं. गाडी बंद पडली, शिफ्ट बदलली, घरमालकाने काढलं.

---

बोरगावचा

वाचतोय. मध्येच एक विचारू का? माझा मामेभाऊ वीटभट्टीवर आहे. लग्नानंतर वेगळा झाला, जुन्या रेशनकार्डातून नाव कमी केलं, नवीन अजून झालं नाही. त्याच्या बायकोला गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. योजनेत बसेल का? त्याच्यासोबत छत्तीसगडचा एक मजूर आहे, त्याचं पण विचारून ठेवतो.

---

वणीकरीण

@बोरगावचा, असे प्रश्न आमच्या टेबलावर दर बुधवारी येतात. दवाखान्यातलं निम्मं काम कागदांचंच आहे.

राज्याची योजना १ जुलै २०२४ पासून पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या कार्डांना लागू आहे. आधी पांढऱ्या कार्डावर फक्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना मिळायची, त्यात आपला अमरावती विभाग आणि वर्धा होता. कार्डच नसेल तर तहसीलमधून अधिवास प्रमाणपत्र काढायचं आणि नवीन कार्डाचा अर्ज त्याच खेपेत टाकायचा. आधारवरचं आणि कार्डावरचं नाव जुळतं का ते आधी पाहा. लग्नाआधीचं नाव आधारवर आणि नंतरचं कार्डावर, इथे बहुतेक बायांचं अडतं. मग योजनेत असलेल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं, डॉक्टरांच्या आधी. ऑपरेशन योजनेत बसतं की नाही, आणि ते खासगीत की फक्त सरकारीत, हे तोच सांगेल. १५५३८८ या नंबरवरही विचारता येतं. आणि गर्भपिशवी काढायला खरंच हवी का, हे सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा नक्की दाखवा. आमच्याकडे पस्तिशीच्या आतल्या बाया ते ऑपरेशन करून येतात तेव्हा जीव तुटतो.

छत्तीसगडच्या मजुराचं त्याच्या गावी केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड निघालं असेल तर ते इथल्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालतं. त्याच्या घरी फोन करून कार्डाचा फोटो मागवून घ्या. कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून.

---

हिशेबनीस

दोन दिवस विचार केला. धुऱ्यावरून यांचा सुगीचा मुद्दा मला पटला. आमच्या वीस रुपयांच्या वह्या काढून बसलो. ऑगस्ट-सप्टेंबरला रुग्ण कमी होतात हे दरवर्षी दिसत होतं, मी ते निंदण-फवारणीच्या कामांवर ढकलत होतो. पऱ्हाटीने लिहिलेलं वाचल्यावर त्या दोन महिन्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतोय. आमच्या विश्वस्तांपुढे ठेवणार आहे की किमान पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वीस रुपये बंद करावेत.

पण देणगीदार गेला तर काय, हा प्रश्न उभाच आहे. ज्वारी आता कुणी फारशी पेरत नाही. सोयाबीन-तुरीवर तसा निधी उभा राहील का?

---

पऱ्हाटी

तूर देतीन लोकं. पायलीभर तूर घरोघरी निंघते, अन् तुरीची कोणाले लाज नाही वाटत. गावच्या सप्त्याले वर्गणी जमते तशी हे बी जमते. फक्त डॉक्टरनं मागू नये, आमच्यासारख्या पेशंटनं मागावं.

दुसरं, वेचणीच्या दिवसात माणूस येत नाही तं गोळी त्याच्याकडे नेता येते. आमच्या पोडावरच्या ज्याइच्या गोळ्या बदललेल्या नाहीत, त्याइचे पुडके फार्मासिस्ट दादा नाव टाकून बांधून ठेवतेत, मी संध्याकाळी पोचवतो. बीपी मोजायचं राहून जाते, तेवढं एक हाय.

---

गोळीवाला

पऱ्हाटी, बीपी न मोजता दोन महिन्यांपेक्षा जास्त चालवू नका. आणि मिरगीवाल्याचं पुडकं कधीच चुकवू नका. बीपीची गोळी चार दिवस राहिली तर कदाचित निभेल, मिरगीची अचानक थांबली तर झटका विहिरीच्या काठावर किंवा चुलीपुढे येऊ शकतो. इन्शुलिनवाले कुणी असतील तर उन्हाळ्यात बाटली ओल्या मडक्यात ठेवायला सांगा, पत्र्याच्या घरात मे महिन्यात ती खराब होते.

---

उपकेंद्रवाली

@वणीकरीण, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलले. आमच्याकडे तरी नकार नाही, महिन्यातून एक बुधवार आमच्या बाहेरगावच्या भेटीत धरता येईल म्हणाले. तुमच्या भागातल्या ताईंनाही असंच विचारा, आधी त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक साधं पत्र द्या. देणगी, फोटो, बॅनर यांचा उल्लेख नको, फक्त दिवस, जागा आणि कोण डॉक्टर ते.

---

वणीकरीण

काल बैठक झाली. हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. दहा रुपये नाही घ्यायचे, असं ठरलं, प्रस्ताव मांडणाऱ्यांनीच मागे घेतला. पेटीही नाही. संक्रांतीनंतर तूर घरात आली की दवाखान्यातले जुने रुग्ण गावात फिरतील, त्यात ती अर्ध्या गोळ्यांची बाई स्वतःहून पुढे आली. सॅम्पल आणि टॉनिक या महिन्यापासून बंद. पत्र तयार आहे, उद्या देतोय.

उपकेंद्र आणि आम्ही मिळून एकच कार्ड करायचं आहे, रुग्णाजवळ राहील असं. @उपकेंद्रवाली, तुमच्या रजिस्टरमधले कोणते रकाने त्यावर असलेच पाहिजेत?

---

उपकेंद्रवाली

नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पोड किंवा वॉर्ड, आशाचं नाव. आमचा नोंदणी क्रमांक वरच्या कोपऱ्यात, ठळक. मग तारीख, बीपी, शुगर उपाशीपोटी की जेवणानंतर, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवसांच्या दिल्या, आणि कुणी दिल्या, उपकेंद्र की बुधवार. शेवटचा रकाना सर्वात रुंद ठेवा. कार्ड जाड कागदाचं करा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या, रोवणी-निंदणीच्या दिवसांत ते कमरेला खोचलेलं असतं.